सात जणांचा फुटबॉल

प्रिय रंजू,

पोस्टमननं कोल्हापूरला हे पाकीट तुझ्या हातात ठेवलं की तुझ्या काळजात चर्र होणार, म्हणून आधीच लिहून टाकतो की आप्पा ठणठणीत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो आता माझा राहिलेला नाही, हवामान खात्याचा झालाय. आभाळ भरून यायच्या आधी त्याला कळतं. रोज संध्याकाळी आपला फोन होतो, जेवलात का, गोळी घेतली का, सगळं तू विचारतेस आणि मी हो-हो म्हणतो. मग हे पत्र कशाला, असं तुझ्या मनात येणारच. ते येईल ओघात. सध्या एवढंच समज, की गेले कितीतरी दिवस माझं बूड एका जागी ठरत नाही. भाकरी थापायला बसतो आणि तवा तापायच्या आधी उठून ओट्यावर येतो. वेल्डिंगचा चष्मा डोळ्यावर चढवतो आणि काय जोडायचं होतं तेच विसरतो. शेजारची श्रीदेवी काल म्हणाली, "आप्पा, पायाला भिंगरी लागली का वो तुमच्या? सकाळधरनं कितींदा फाट्यापस्तोर जाऊन आलाव." मी म्हणालो, "गुडघ्याला चालणं लागतं बाई." ती हसली. तिला काय कळायचं ते कळलं असणार.

तू दिवाळीला आली होतीस. तुझी आई गेल्यानंतरची ही दुसरी दिवाळी. करंज्या तूच केल्या होत्यास, सारण जरा कोरडं झालं होतं, पण मी मागून मागून खाल्ल्या. त्या खाताखाताच तू विचारलंस, "आप्पा, आपल्या कॉलेजात फुटबॉलच्या कोचची जागा निघालीय. अर्ज करू का?" आणि मी ताटावरनं मान वर न करता म्हणालो, "त्या संघाचं नाव माझ्या उंबऱ्याच्या आत काढायचं न्हाय." तू ताट उचलून आत गेलीस आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच एसटी धरलीस. ती जागा अजून रिकामीच आहे बघ. अर्ज अजून घेतायत. आणि या खेपेला कोच मिळाला नाही तर पुढच्या सालापासून फुटबॉल बंद, असं संस्थेनं पोरांना तोंडावर सांगून टाकलंय. म्हणजे माझं ते एक "न्हाय" जाऊन एका अख्ख्या संघाच्या गळ्यात अडकलंय, असं मला वाटायला लागलंय. त्यामुळं बसवत नाही.

त्या संघाचा मला किती कळवळा होता ते तुला सांगायला नको. मोईनुद्दीन सरांच्या गोष्टी ऐकतच तू मोठी झालीस. आपल्या या भागात खो-खो म्हणावा, कबड्डी म्हणावी, कुस्ती म्हणावी. फुटबॉल कुणाच्या बापजन्मी ठाऊक नव्हता. सर हैदराबादेकडचे, ते कॉलेजात शिकवायला आले आणि बरोबर एक चामड्याचा चेंडू घेऊन आले. आम्ही सगळे चेंडूमागं मेंढरांसारखे धावायचो. सर कडेला उभे राहून ओरडायचे, "अरे मियाँ, गेंद के पीछू तो सब भागते, तू खाली जगे के पीछू भाग!" रिकाम्या जागेमागं पळायचं, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं, वाचनालयातली पुस्तकं एकेक करून संपवली, तेव्हा कुठं थोडंसं उमगलं. आमचे वडील गेले आणि दुसऱ्या वर्षालाच माझं कॉलेज सुटलं. पण मैदान सुटलं नाही. पाळी संपली की सायकल थेट ग्राउंडवर. फाटलेले चेंडू शिवून द्यायचे, नवीन पोरांना दम द्यायचा आणि मॅचच्या दिवशी सकाळी भेगा बुजवायला बसायचं. हे भेगा बुजवणं सरांनीच घालून दिलेलं. आपली काळी रानं, पाऊस सरला की जमीन उलते. भेगेत पाय अडकला तर घोटा गेलाच म्हणून समजायचं. म्हणून मॅचच्या आधी अकराच्या अकरा खेळाडूंनी घमेली घेऊन अख्ख्या मैदानावरच्या भेगा मातीनं भरायच्या, आपल्याही आणि पाहुण्यांच्याही बाजूच्या. सर म्हणायचे, ज्या मातीवर पाहुणा पडणार तीही आपलीच. पाहुणे संघ आधी हसायचे, मग शर्टाच्या बाह्या वर करून तेही बसायचे. तेवढ्यात ओळख व्हायची. मग खेळताना कुणी कुणाच्या नडगीवर मुद्दाम लाथ घालत नसे.

मग मी तिथं जायचं का सोडलं, हे तुला अर्धंच माहीत आहे. तू तेव्हा बी.पी.एड.ला होतीस. तुला मी एवढंच सांगितलं होतं, की कॉलेजनं बाहेरची पोरं आणून चषक जिंकला. गोरोबाचं सांगितलं नव्हतं. वाशीकडच्या मेंढरंवाल्यांचा पोरगा, आपला गोलकीपर. उंचीनं बेताचा, पण चेंडूवर अशी झेप घालायचा, जशी पळालेल्या कोकरावर त्याचा मेंढपाळ बाप घालत असेल. तीन वर्षं त्यानं गोल राखला. चौथ्या वर्षी संस्थेच्या सचिवांना चषकाची हौस आली. कुठनं कुठनं तयार पोरं आणली, राहायला खोली, खायला मटण, आणि नावं? नावं आपल्याच पोरांची. यादी आधीच गेलेली असते, तिच्यात नाव आपल्या पोराचं आणि अंगात जर्सी घालून उतरणार दुसराच. गोरोबाच्या नावावर जो उतरला तो खेळला मात्र झकास, खोटं कशाला बोलू. पेपरात आलं, सर्वोत्कृष्ट गोलरक्षक गोरोबा अमुक तमुक. गावात कुणीतरी त्याच्या आईला, बानूबाईला, वाचून दाखवलं. ती माऊली हरखून गेली. वाण्याकडनं पेढे आणले आणि वस्तीवर घरोघर वाटले. त्यातलेच चार पदरात बांधून कॉलेजात आली, तेव्हाच्या खेळाच्या सरांना द्यायला. मी तिथंच होतो. गोरोबा व्हरांड्यात उभा होता. तिनं त्याच्या तोंडात पेढा घातला आणि त्यानं तो खाल्ला. आईला सांगावं तर ती सगळ्या वस्तीसमोर खाली मान घालणार, न सांगावं तर गळ्याखाली उतरत नाही. मी त्याचा गळा बघत होतो. तो पेढा खाली उतरायला किती वेळ लागला ते मलाच ठाऊक. त्यानंतर तो ग्राउंडवर दिसला नाही आणि मीही नाही. सचिव वाटेत भेटले तर म्हणाले, "मिस्त्री, चषक बघायला या की. काचेच्या कपाटात ठेवलाय." मी म्हणालो, "काच बरीये साहेब. वास बाहेर येत न्हाय." ते हसल्यासारखं करून निघून गेले.

तेव्हापासून कॉलेजचा रस्ता मी टाकला होता. बाजाराला जायचं तरी कारखान्याकडनं वळसा घालून. दुधानं तोंड पोळलं होतं ना. आता या दिवाळीनंतर, तू गेल्यावर चार दिवसांनी, माझ्या वेल्डिंगच्या शेडसमोर एक ट्रॉली येऊन उभी राहिली आणि तिच्यातनं तिघांनी एक वाकलेला लोखंडी खांब उतरवला. मी ओळखला. गोलपोस्ट. पुढं होता तो योगीराज, हल्लीचा कप्तान. हाडं मोठी आणि अंगावर मांस नाही, असा पोरगा. म्हणाला, "मामा, जोडून द्या. रविवारी मॅच हाय." मी म्हणालो, "कॉलेजला सांगा की." तर म्हणतो, "कॉलेज म्हणतंय दोन दगड ठेवा." मी म्हणालो, "मग ठेवा." त्यावर मागचा एक, शंभू त्याचं नाव, काळा-सावळा, तोंडानं फटकळ, तो म्हणाला, "दगडाला चेंडू लागला तर वरचा आडवा खांब कुठनं आणायचा मामा? आभाळाला बांधायचा का?" मला हसू आलं, पण मी दाबलं. खांब जोडून दिला. जोडताना माझ्या मनात एवढंच, की लोखंडाचा काय दोष. जाताना योगीराज म्हणाला, "मॅचला या मामा." मी म्हणालो, "मला काम हाय." शंभू लगेच म्हणाला, "आमची मॅच बघायला कामाची माणसं येतच न्हाईत. रिकामटेकडी पण येत न्हाईत."

रविवारी सकाळपासून मला काही सुचेना. शेड उघडलं, बंद केलं. परत उघडलं. काय निमित्त काढावं? मग सुचलं, वेल्डिंग धरतंय का बघून यावं. घाईत जोडलंय, कुणाच्या डोक्यात पडलं तर बालंट आपल्यावर. असं स्वतःलाच बजावून निघालो. गुडघा म्हणत होता जाऊ नको, मी म्हणालो गप. कॉलेजच्या कुंपणापाशी पोचलो तर मैदानात सात पोरं उकिडवी बसलेली. घमेली घेऊन भेगा बुजवत होती. रंजू, मी कुंपणाची तार धरून उभाच राहिलो. त्या चषकाच्या सालापासून हे बंद पडलं होतं. तयार आणलेली पोरं कशाला मातीत हात घालतील? यांना कुणी सांगितलं? मी विचारलं तर योगीराज म्हणाला, "आमचा मोठा भाऊ खेळायचा हितं. त्यो सांगायचा, ह्याच्याशिवाय मॅच लागत न्हाय." जणू काही फुटबॉलच्या नियमांतच लिहिलंय ते.

सातच का, तेही सांगतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालंय. चौघंजण आपापल्या घरच्यांबरोबर मुकादमाच्या गाडीनं कर्नाटकात ऊसतोडीला गेलेत. त्यातला धोंडीबा तर मनानं गेलेला नव्हे, वडिलांची कंबर धरलीय, आणि आईला जोडीदाराशिवाय कोयत्यावर कुणी घेत नाही. म्हणून तो आईची जोडी होऊन गेलाय. राखीव म्हणून दोन नावं होती, त्यातला एक डेंग्यूनं दवाखान्यात आणि दुसऱ्याच्या बहिणीची नेमकी त्याच दिवशी हळद. राहिले सात. आता फुटबॉलमध्ये सातापर्यंत चालतं हे तुला माहीतच आहे. सातावर एक जरी कमी झाला तर रेफरी शिट्टी वाजवून मॅच तिथंच संपवतो. तर सचिव हजर. ते काही गाफील माणूस नव्हेत. त्यांनी चार धट्टीकट्टी पोरं जीपमधनं आणली होती, ओळखपत्रांसकट. बाजूला बसून ती पोरं बूट बांधत होती. सचिव योगीराजला म्हणाले, "हे चौघं घे. नावं आपल्याच पोरांची हायत, काही अडचण न्हाय." मला गोरोबाचा पेढा आठवला. मी वळलोच होतो घराकडं, देवाशपथ. तेवढ्यात मागनं योगीराजचा आवाज आला. चढवलेला नव्हता, साधाच, घरात बोलावं तसा. "सर, धोंडीबाच्या नावानं ह्यो गोल मारणार, आन् धोंडीबा तिकडं फडात मोळ्या वाहणार. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला तर तिला काय सांगायचं? तुमच्या पोरानं गोल मारला म्हनून?" सचिव म्हणाले, "मग काय सातजणांत कबड्डी खेळणार का रे?" योगीराज म्हणाला, "फुटबॉलच खेळतो सर. हरू. पण आमी हरू." आणि मागं बसलेली सहाही पोरं घमेली ठेवून उठली आणि त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. कुणी घोषणा नाही, काही नाही. शंभूनं तेवढं नाक शिंकरलं.

त्या पोराला गोरोबाचं नावही माहीत नसणार. माहीत असतं तर मी म्हणालो असतो, ऐकीव गोष्टीवरनं शहाणा झाला. पण ते त्याला आतनंच सुचलं, आणि पहिल्यांदा सुचलं ते कॉलेजच्या अब्रूचं नव्हे, संघाच्या नावाचं नव्हे, कुणाच्यातरी आईचं. मी परत फिरलो. वेल्डिंगचं सोंग तसंच धरून गोलपोस्टाशेजारी जाऊन उभा राहिलो. सचिव मोटारीत बसून काच वर करून बघत राहिले. जीपमधली चार पोरं तेवढी बुटाच्या नाड्या सोडत बसली. त्यांचाही काय दोष म्हणा.

आणि मग मॅच. काय सांगू तुला. पाहुणे अकरा, चांगले पोसलेले, एकसारख्या कपड्यांत. त्यांच्यासोबत आलेल्या पोरांनी आपले सात बघितले आणि एकच गिल्ला केला, "ओ रेफरी, पत्ता चुकला ह्यांचा! कबड्डीचं ग्राउंड पलीकडं हाय!" आपल्या गोलमध्ये धुळाप्पा. उमरग्याकडचा, मामाकडं राहून शिकतो. घाई झाली की त्याच्या तोंडातनं कानडी निघतं. "बेगा बेगा!" म्हणजे लवकर लवकर, असं ओरडायचा आणि कुणालाच कळायचं नाही, पण सगळे पळायचे. पहिला गोल बसला. मग दुसरा. मी त्या कडेनं पोस्टापासून कॉर्नरपर्यंत आणि कॉर्नरपासून पोस्टापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. उंटावरनं शेळ्या हाकायला काय जातं, मीही ओरडत होतो, "मोकळी जागा बघ! चेंडू सोड, जागा धर!" पन्नास वर्षांपूर्वीचं सरांचं बोलणं माझ्या तोंडातनं निघत होतं आणि शंभू पळता पळता मागं बघून म्हणाला, "मामा, चौघांची जागा मोकळीच हाय! कुठली धरू सांगा!" त्या धांदलीतही मला हसू फुटलं, रंजू. माझा बाप झालास का बेट्या, म्हटलं.

गोलांचं मला एवढं वाटत नव्हतं. जीव अडकला होता दुसरीकडंच. कुणीही पडलं की माझा श्वास थांबायचा. एक जरी बाहेर गेला तर संपलं सगळं, आणि सचिवांचं खरं ठरलं. दुसऱ्या हाफमध्ये शंभूच्या पोटरीला पेटका आला. मैदानाच्या मधोमध पडला आणि पोटरी धरून विव्हळायला लागला. पाहुण्यांची हुल्लड करणारी पोरंसुद्धा उठून उभी राहिली. रेफरी हाताची बोटं दाखवत योगीराजला काहीतरी सांगत होता, म्हणजे बाहेर नेलात आणि तो परत आला नाही तर सहाच. शंभूनं ते ऐकलं आणि पडल्यापडल्याच ओरडला, "बाहेर कोण चाललंय? म्या हितं झोपून खेळतो!" पाहुण्यांचा एक लांबलचक पोरगा पुढं आला, खाली बसला आणि त्यानंच शंभूचा पाय उचलून पंजा मागं दाबून धरला. मघाशी पाहुण्यांतले काहीजण भेगा बुजवायला येऊन बसले तेव्हा हे दोघं शेजारी होते, हे मी बघितलं होतं. शंभू उठला. लंगडत उभा राहिला. त्यानंतर त्याला पळता येईना, म्हणून त्यांनी त्याला मधोमध खुंटीसारखा उभा केला. चेंडू त्याच्याकडं द्यायचा, त्यानं एका पायावर उभं राहून दुसऱ्याकडं ढकलायचा. बाकीचे सहा त्याच्याभोवती खळ्यातल्या बैलांसारखे फिरत होते. आणि तसं फिरता फिरता, एकदाच, फक्त एकदाच, त्यांना ती मोकळी जागा सापडली. शंभूनं न बघता ढकललेला चेंडू योगीराजला मिळाला, कारण योगीराज आधीच तिथं पोचला होता. त्यानं मारला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. गोल नाही झाला. खण्णकन आवाज झाला. खांब जागचा हलला नाही. मी कधी टाळ्या वाजवायला लागलो मला कळलं नाही.

पाच-शून्य हरलो. लिहायला लाज वाटत नाही. हरल्यावर पोरं रडली नाहीत, नाचलीही नाहीत. घमेली गोळा केली, पाहुण्यांना पाणी दिलं आणि धुळाप्पानं व्हिडिओचा फोन लावला. पलीकडं उसाच्या फडात धोंडीबा, डोक्याला फडकं, मागं पाचट. "किती?" त्यानं विचारलं. शंभू म्हणाला, "पाच. पण तुझ्या नावावर एकबी न्हाय, तू निवांत ऊस तोड." तिकडं तो एवढा हसला की त्याच्या आईनं मोळी टाकून फोनमध्ये डोकावून बघितलं. मी जरा लांब जाऊन नाक पुसलं. धूळ लई होती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी पोरांना बोलावून सांगितलं, शिस्त मोडली, संस्थेची नाचक्की झाली. खेळाचे सर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत, नवीन कोच आला तर ठीक, नाही तर फुटबॉल बंद. एवढ्या लांब आडगावात कुठला शिकलेला कोच येतोय, हे त्यांनाही माहीत आहे. तेव्हापासून संध्याकाळी मी ग्राउंडवर जातो. पोरं "मिस्त्रीमामा आलं" म्हणून चेंडू टाकतात. पण रंजू, माझा फुटबॉल म्हणजे लाथ मार आणि पळ. मी त्यांना दम देऊ शकतो, चेंडू शिवून देऊ शकतो, शिकवू शकत नाही. परवा धुळाप्पानं विचारलं, पेनल्टीला कीपरनं आधी कुठल्या पायावर भार द्यायचा. मी म्हणालो, "दोन्ही." तो बिचारा दोन दिवस दोन्ही पायांवर भार देऊन उभा राहतोय आणि एकही चेंडू अडत नाही. तू इथं असतीस तर मला बाजूला बसवलं असतंस. आठवतं, लहानपणी तू गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायचीस आणि म्हैस दूध चोरायला लागली म्हणून तुझ्या आईनं चेंडू चुलीत घालायची धमकी दिली होती? तेव्हासुद्धा तू मलाच सांगायचीस, आप्पा, असं नाही, पाय वळवा.

गोड गोड लिहून तुला फसवायचं नाही, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. सचिव तेच आहेत आणि जित्याची खोड कुठं जात नाही. पुढच्या साली परत जीप येईल. बाई कोच म्हणून चार लोक तोंडं वाकडी करतील. कोल्हापुरासारखं गवताचं मैदान इथं नाही, तिथल्यासारखं मॅचला गाव लोटत नाही, इथं कडेला मी आणि एक म्हैस असतो. पोरं दसऱ्याला जमतात आणि गाळप सुरू झालं की पांगतात, परत उन्हाळ्यात येतात. असा अर्धा-मुर्धा संघ सांभाळायचा म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. तुझ्या तिथल्या शाळेतल्या पोरींचा विचारही तुला करावा लागेल. त्या तुझ्यावर जीव टाकतात हे मी बघून आलोय.

आता फोन सोडून पत्र का, ते. दिवाळीला मी "न्हाय" म्हणालो ते संघाच्या रागानं म्हणालो, असं तुला वाटलं, आणि ते खोटंही नाही. पण अर्धंच खरं आहे. अर्ज करू का विचारताना तू माझ्याकडं बघत नव्हतीस, माझ्या गोळ्यांच्या डब्याकडं बघत होतीस. आईच्या माघारी आप्पा एकटा पडला, भाकरी करपवतो, त्याच्याजवळ राहायला काहीतरी निमित्त काढावं, एवढंच तुझ्या मनात होतं. फुटबॉल त्यात नव्हता. म्हणून मी दार लावलं. आणि आता हेच सगळं फोनवर सांगितलं, तर तू पोरांचं काही ऐकणारच नाहीस, माझा आवाज ऐकशील आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरशील. कागदाला आवाज नसतो म्हणून कागदावर लिहितोय. माझं "न्हाय" मी परत घेतो. "हो" मात्र माझं चालणार नाही, ते तुझं पाहिजे, आणि माझ्या गुडघ्यासाठी नको. त्या पोरांना कीव करणारी कोच नकोय, त्यांना खेळणारी पाहिजे. म्हणून एवढं ऐक. यायचं असलंच तर अर्जाच्या आधी एकदा येऊन बघ आणि घरी उतरू नको. एसटी कॉलेजच्या फाट्यावर थांबते, तिथंच उतर, थेट ग्राउंडवर जा आणि त्यांना तासभर खेळवून बघ. तू माझी कोण हेही त्यांना सांगू नको. मी त्या दिवशी मुद्दाम शेडवरच बसेन, कितीही बसवलं नाही तरी. पोरं मनात भरली तर अर्ज कर. नाही भरली तर तिथनंच कोल्हापूरची गाडी धर, मला राग नाही. घर काय, अंधार पडल्यावर आलीस तरी जागेवरच असेल.

तुझाच,
आप्पा